नवें खोगीर आणि घोडीची पाठ

घोडामैदान जवळच आहे, असें आपण दिवसांतून दहा वेळां म्हणतों. परंतु म्हणणारांपैकीं प्रत्यक्ष घोडा आणि प्रत्यक्ष मैदान यांच्याशीं गांठ पडलेले आतां थोडेच सांपडतील. घोडें व्यवहारांतून बहुतेक गेलें, पण भाषेंतून गेलें नाहीं. ‘वरातीमागून घोडें’ आहे, ‘घोडें पेंड खातें’ आहे, आणि निरुपयोगी भरताडाला आपण अजून ‘खोगीरभरती’च म्हणतों. या शेवटच्या शब्दानें मला एकदां चांगलीच अद्दल घडविली. ज्या भरतीला भाषेनें टाकाऊ ठरविलें, तिच्यावर एका मुक्या जनावराचें सुखदुःख कसें अवलंबून असतें, हें मला धारणीच्या रानवाटेवर कळलें. तेंच आज सांगावयाचें आहे.

धारणी हें अमरावती जिल्ह्याच्या उत्तर अंगाचें तालुक्याचें गांव. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करीत सातपुड्याच्या घाटवळणांनीं तेथें पोंचावें लागतें. भोंवतालचा मुलूख मेळघाटाचा; वस्ती मुख्यत्वें कोरकू लोकांची. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या याच डोंगरांतलें पाणी तापीला नेऊन घालतात. या डोंगरांची चाल किती बिकट, हें इतिहासालाहि ठाऊक आहे. १८०३ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं गाविलगडाला वेढा घातला, तेव्हां अचलपुराकडून किल्ल्याच्या उत्तर बाजूस जड तोफा ओढून नेण्यास स्टीव्हन्सनच्या फौजेला ७ तारखेपासून १२ तारखेपर्यंत झगडावें लागलें. अंतर म्हणाल तर सुमारें तीस मैलांचें. किल्ला पुढें १५ तारखेला पडला. सांगण्याचा हेतु इतकाच कीं, सपाटीवर जें साहित्य निर्दोष वाटतें, त्याची खरी परीक्षा या चढउतारांवर होते.

माझी घोडी भीमथडी वळणाची आहे. भीमथडी म्हणजे भीमेच्या थडीचें घोडें; मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नांवाजलेलें, अंगानें आटोपशीर, खाण्यास काटक, चालण्यास चिवट. या जातीला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मात्र अगदीं अलीकडे, २०२४ सालीं मिळाली. घोडी घेतांना मीं दांत पाहिले, खूर पाहिले, भोंवरे पाहिले, चाल पाहिली. पाठीवरून हात तेवढा फिरविला नाहीं. घरीं आणल्यावर डाव्या खांद्यामागें रुपयाएवढा पांढऱ्या केंसांचा ठिपका दिसला, आणि तो मला शोभेचा वाटला! तो ठिपका काय सांगत होता, हें पुढें येईलच.

तिचें जुनें खोगीर रंगानें उडालेलें, शिवणींत उसवलेलें होतें. म्हणून एक नवें मागविलें. कातडें असें कीं त्यांत तोंड पाहावें. तें येतांच धारणीस एका स्नेह्याच्या शेतावर घोडी होती तेथें गेलों, आणि दुसऱ्याच दिवशीं रपेटीचा बेत केला. वाट कोणती धरावी, हा पहिला प्रश्न. मेळघाट १९७४ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. देशांतल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकीं तो एक. तेव्हां राखीव रानांत घोडें घालणें योग्य नव्हे. आम्हीं शेताशेतांतून, टेकड्यांच्या कडेनें तापीच्या काठाकडे जाणारी गाडीवाट निवडली.

आतां खोगीर म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. घोड्याच्या पाठीचा कणा मधोमध उभा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंस लांब, जाड स्नायु असतात. भार घ्यावयाचा तो या स्नायूंनीं, कण्यानें नव्हे. बरगड्यांच्या अठरा जोड्या पाठीला खालून आधार देतात. शेवटच्या बरगडीमागें कंबर सुरू होते. तेथें तो आधार नाहीं, म्हणून खोगिरानें ती सीमा ओलांडूं नये. पुढच्या अंगास खांद्याचीं पातीं असतात. घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हां पात्याचें वरचें टोक मागें सरकतें. त्याला वाव हवा. इतक्या मर्यादांमध्यें जी जागा उरते, तेवढीच स्वाराची. बैठकीच्या आंत एक सांगाडा असतो. तो भार दोन्ही बाजूंस वांटून देतो. सांगाड्याखालीं लोकर भरलेल्या दोन गाद्या असतात, आणि त्या दोहोंमध्यें कण्यासाठीं मोकळी पन्हळ ठेवलेली असते. अमेरिकेच्या लष्करानें १८५९ सालीं स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिरांत तर ही जागा बैठकीच्या मधोमध आरपार उघडीच ठेवलेली असे.

ही रचना माणसाला एकाएकीं सुचलेली नाहीं. आपल्या भाजें येथील प्राचीन लेण्यांत स्वारांचीं चित्रें कोरलेलीं आहेत. त्या काळीं पाय तंगाच्या पट्ट्याखालीं खोंचून आधार घेण्याची रीत दिसते. पुढें रिकिबी आल्या, लांकडाचे सांगाडे आले. सभासदानें शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था लिहून ठेविली आहे, तींत पंचवीस बारगिरांस एक हवालदार, आणि तितक्याच घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद अशी तरतूद आहे. म्हणजे पाणी आणि नाल या गोष्टी स्वाराच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. बारगिराचें घोडें सरकारचें. तें जायबंदी झालें तर राज्याचा एक स्वार कमी झाला, हा हिशेब त्यामागें होता.

सकाळीं खोगीर चढविण्याच्या वेळीं शेतावरचा वृद्ध मोतद्दार जवळ उभा होता. मूळचा तो अचलपुराकडचा. मीं त्याला मोठ्या ऐटीनें विचारलें, “कसें काय बाबा, आहे कीं नाहीं झोंकदार?” त्यानें खोगिराकडे पाहिलें, घोडीकडे पाहिलें आणि म्हटलें, “घोडीले पुसा नं भाऊ, मले काहून पुसता?”

मीं हसलों. पण त्यानें हंसत हंसतच मला चार गोष्टी करावयास लावल्या. प्रथम खालीं नमदा न घालतां नुसतें खोगीर पाठीवर ठेवविलें. पुढच्या कमानीखालीं हात घालून खांद्याच्या उंचवट्यावर दोनतीन बोटें अंतर राहतें कीं नाहीं, तें पाहविलें. मागून डोळा लावून पन्हळींतून पलीकडचा उजेड दिसतो कीं नाहीं, तें पाहविलें. मग गादीखालीं तळहात घालून पुढून मागें फिरवावयास सांगितलें. उजव्या बाजूस हात सरळ गेला. डाव्या बाजूस खांद्यामागें तो किंचित् अडकला. मीं म्हटलें, “नवें आहे, बसेल अंगावर.” आणि अंतर भरून काढावें म्हणून खालीं एक जाड नमदा घातला. पायांत जोडा घट्ट होत असतां आणखी एक मोजा चढवावा, तशी ही अक्कल! म्हातारा कांहीं बोलला नाहीं.

तंग आवळण्याचीहि एक युक्ति आहे. पुष्कळ घोडीं तंग आवळतांना छाती फुगवून धरतात. पन्नास पावलें चालल्यावर श्वास सोडतात आणि तंग ढिला पडतो. म्हणून तो एकदम न आवळतां थोडा आवळावा, घोडें चालवावें, आणि मग पुन्हां पाहावें. भाराचाहि हिशेब करावा. स्वार आणि साहित्य मिळून घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शापेक्षां अधिक नसावें, असा जुना लष्करी ठोकताळा आहे. स्वार बासष्ट किलोंचा आणि साहित्य आठ किलोंचें, तर बेरीज सत्तर. म्हणजे घोडें निदान साडेतीनशें किलोंचें हवें. आटोपशीर घोडीवर बसणाऱ्यानें हा आंकडा आरशासमोर उभें राहून एकदां म्हणावा.

निघालों तेव्हां माघाची थंडी होती. पहिला अर्धा तास सपाटीचा, आणि त्या अर्ध्या तासांत माझ्यासारखा सुखी स्वार वऱ्हाडांत दुसरा नसेल. बैठक मऊ, रिकिबी बेताच्या, कातड्याचा नवा वास. पुढें चढण लागली. चढणीवर खोगीर मागें घसरूं पाहतें; त्याला छातीवरून जाणारा पट्टा धरून ठेवतो, आणि स्वारानें किंचित् पुढें वांकून पाठीमागचा भार हलका करावा. उतारावर याच्या उलट. खोगीर खांद्यावर चाल करून येतें, आणि त्याला शेपटीखालून घेतलेली दुमची आंवरते. आमचें खोगीर चढणीवर घसरलें नाहीं. मीं त्याची पाठ थोपटली. वास्तविक थोपटावयाची ती घोडीची.

पहिल्या उतारावर घोडीनें कान मागें टाकले. दुसऱ्या उतारावर शेपटी झाडली. माशी एकहि नव्हती. तिसऱ्या उतारावर तिचा डावा पाय आंखूड पडूं लागला, आणि एरवीं हात न लावतां चालणारी ही घोडी ओढ्याच्या कांठावर उभीच राहिली. मीं टांच मारली. हें सांगतांना आजहि बरें वाटत नाहीं. ती जें सांगत होती, त्याला मीं हट्ट समजलों. घोड्याला बोलून सांगतां येत नाहीं. कान, शेपटी आणि पावलाची लांबी हीच त्याची वाचा. ही लिपि ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्या हातीं लगाम म्हणजे निरक्षराच्या हातीं फर्मान.

तापीच्या कांठीं उतरलों, खोगीर काढलें, आणि उत्तर तेथें लिहिलेलेंच होतें. पाठ घामानें भिजली होती. मधल्या पन्हळीची पट्टी कोरडी होती. ती तशीच असावयाची. परंतु डाव्या खांद्यामागें, ओल्या केंसांच्या मधोमध, तळहातापेक्षां लहान असा एक कोरडा तुकडा होता. आणि नेमका त्याच्या पोटांत तो पांढरा ठिपका. गादीखालची जागा कोरडी राहिली, तर अर्थ दोन संभवतात. एक तर गादी तेथें टेंकलीच नाहीं, किंवा इतकी दाबली गेली कीं घाम सुटूं शकला नाहीं. निवाडा बोटांनीं होतो. मीं दोन बोटांनीं हलकें दाबलें. घोडी पाठ खालीं घेऊन बाजूला सरली.

दाब कायम राहिला कीं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. रक्त न पोंचलेली जागा प्रथम दुखते, मग सुजते, मग फुटते. बरी झाली तरी केंसांना रंग देणाऱ्या पेशी तेथें मेलेल्या असतात. म्हणून नवे केंस पांढरे उगवतात. ज्याला मी शोभा समजत होतों, तो जुन्या जखमेचा दाखला होता. कोणा पूर्वीच्या स्वारानें तो दिला होता, आणि त्याच्या खालीं माझी सही होण्यास फार तर तासाभराची रपेट उरली होती.

परतीची वाट मीं पायीं चाललों. खोगीर स्वतःच्या खांद्यावर घेतलें. आठ किलो म्हणजे काय, तें तेव्हां कळलें. आणि एका खांद्यावर एकाच ठिकाणीं रुतणारी कमान म्हणजे काय, तेंहि. घोडी मोकळ्या पाठीनें मागून येत होती, आणि उतारावर तिचें पाऊल पुन्हां पहिल्यासारखें लांब पडूं लागलें होतें. शेतावर पोंचतांच म्हाताऱ्यानें मला कांहीं विचारलें नाहीं. त्यानें खोगीर माझ्या खांद्यावरून उतरवून घेतलें आणि घोडीच्या पाठीवर गार पाण्याची घडी ठेवली.

दोष खोगिराच्या कारागिरीचा नव्हता. त्याचा सांगाडा अरुंद पाठीच्या घोड्यासाठीं होता, आणि माझी घोडी खांद्यांत रुंद. सांगाडा अरुंद पडला तर भरती वाढवून भागत नाहीं; उलट तो अधिकच चिमटा घेतो. तें खोगीर एका उंच, सडपातळ घोड्यावर छान बसलें आणि त्याच्याच घरीं गेलें. घोडीचें जुनें खोगीर आम्हीं उसवलें. सांगाडा अभंग होता. गाद्यांतल्या लोकरीचे मात्र दगडासारखे गठ्ठे झाले होते. तीं काढून नवी लोकर पिंजून, बोटांनीं चांचपीत, दोन्ही बाजूंस सारखी भरली. पाठ पूर्ण बरी होईपर्यंत घोडी रिकामी ठेवली. मग त्याच वाटेनें पुन्हां तापीवर गेलों. खोगीर काढलें तेव्हां दोन्ही बाजूंस घामाचे सारखे ओले पट्टे होते, आणि मध्यें कण्यावर कोरडी रेघ. इतकें सुंदर चित्र मीं क्वचितच पाहिलें आहे.

ज्यांना स्वतःचें घोडें नाहीं, त्यांनाहि हें सांगणें निरर्थक नाहीं. माथेरानला मोटारींस मज्जाव असल्यामुळें आजहि अनेकजण भाड्याच्या घोड्यावर बसतात. त्या वेळीं चढण्यापूर्वीं एकदां खोगिराच्या कडेखालीं पाहावें. ओली जखम दिसली तर त्या घोड्यावर बसूं नये, आणि कां बसत नाहीं तें धन्यास सभ्यपणें सांगावें. गिऱ्हाईक पाठ पाहतें, असें एकदां कळलें कीं पाठीची काळजी आपोआप वाढते.

खोगीरभरती हा शब्द मीं टाकून दिलेला नाहीं. परंतु तो वापरतांना आतां जीभ जराशी अडखळते. ज्यांत बसावयाचें त्याची परीक्षा बसणारानें करावी, हें खरें. पण ज्याच्या पाठीवर तें बसावयाचें, त्याची साक्ष आधीं घ्यावी. म्हाताऱ्यानें तें चार शब्दांत सांगितलें होतें. मला त्यासाठीं तापीपर्यंत जाऊन पायीं परत यावें लागलें.