तेल व वायू विहिरींतील सिमेंटमधून होणारे वायूचे स्थलांतर : कारणे आणि प्रतिबंध

प्रस्तावना

तेल वा नैसर्गिक वायूची विहीर खणताना छिद्रात टप्प्याटप्प्याने पोलादी नलिका सोडल्या जातात. नलिका आणि खडकाची भिंत यांमध्ये वलयाकृती पोकळी उरते व ती सिमेंटने भरली जाते. मुंबई हायसारख्या सागरी क्षेत्रातील विहिरी असोत वा वाळवंटातील, हे काम सर्वत्र अनिवार्य असते. या सिमेंटची कार्ये प्रामुख्याने दोन : नलिकेला आधार देणे आणि भूगर्भातील निरनिराळे थर परस्परांपासून अलग राखणे. दुसरे कार्य फसल्यास वायू सिमेंटमधून किंवा त्याच्या कडेने वर चढतो आणि उथळ भूजलात अथवा थेट पृष्ठभागावर पोहोचतो. या प्रक्रियेची कारणे व तिच्या प्रतिबंधाचे उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारणमीमांसा

स्लरी द्रवरूप असेपर्यंत तिचे वजनच वायूला रोखून धरते. १.९ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर घनतेच्या स्लरीचा १,००० मीटर उंच स्तंभ तळाशी सुमारे १८४ वातावरण इतका दाब निर्माण करतो. समजा, तेथील वायूचा दाब १२० वातावरण आहे. तर वायू आत शिरू शकत नाही.

पंप थांबल्यानंतर मात्र स्थिती पालटते. स्लरीत जेलसदृश रचना निर्माण होऊन ती नलिकेला व खडकाला चिकटते आणि स्तंभाचे वजन अंशतः या भिंती पेलू लागतात. त्याच वेळी स्लरीतील काही पाणी सच्छिद्र खडकात झिरपते, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक संयोगामुळे सिमेंटचे अंतर्गत घनफळ घटते. ही तूट भरून काढण्यासाठी वरची स्लरी खाली सरकू शकत नाही. परिणामी दाब उतरत जातो. तो केवळ पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका, म्हणजे वरील उदाहरणात सुमारे ९७ वातावरण, झाला की वायू वरचढ ठरतो. अर्धवट घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये तो जी वाट पाडतो, ती सिमेंट कडक झाल्यावरही कायम राहू शकते. अंतिम सामर्थ्य उत्तम असलेले सिमेंटही वायू रोखण्यात अपयशी ठरते, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

सारांश, स्लरीचा दाब वायूच्या दाबाइतका खाली आल्यापासून सिमेंटला वायू रोखण्याइतके जेल-सामर्थ्य, म्हणजे सुमारे २४० पास्कल, येईपर्यंतचा संक्रमणकाळ सर्वाधिक धोक्याचा असतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकानुसार हा काळ ४५ मिनिटांपेक्षा अधिक असू नये.

प्रतिबंधक उपाय

१) स्लरीची रचना : संक्रमणकाळ अल्प ठरेल अशा रीतीने मिश्रण तयार केले जाते. खडकात झिरपणारे पाणी मर्यादित ठेवणारी द्रव्ये मिसळतात व स्लरीतून पाणी वेगळे होणार नाही याची दक्षता घेतात. स्टायरीन-ब्युटाडाइन लॅटेक्स किंवा सूक्ष्म सिलिका यांमुळे सिमेंटची पारगम्यता घटते. ॲल्युमिनियमच्या भुकटीपासून निर्माण होणारे हायड्रोजनचे बुडबुडे स्लरीला दबणारी बनवतात व घनफळातील घट काही अंशी भरून काढतात.

२) स्लरी बसवणे : वेधनासाठी वापरलेला चिखलद्रव पूर्णतः हटला नाही, तर त्याचे पट्टे पुढे वायूच्या वाटा बनतात. त्यासाठी सेंट्रलायझरच्या साहाय्याने नलिका छिद्राच्या मध्यभागी ठेवणे, स्लरीपूर्वी विभाजक द्रव सोडणे आणि शक्य तेथे नलिका फिरवत राहणे आवश्यक ठरते.

३) दाब राखणे : खडक तो सहन करू शकत असल्यास वलयाकृती पोकळीवर पृष्ठभागावरून अतिरिक्त दाब दिला जातो. काही विहिरींत सिमेंट दोन टप्प्यांत भरतात, जेणेकरून संपूर्ण स्तंभ एकाच वेळी जेल होत नाही.

४) पडताळणी : ध्वनिलहरींद्वारे सिमेंटची पकड तपासली जाते आणि दाब-चाचण्यांद्वारे विहीर बंदिस्त झाली आहे की नाही याची खात्री केली जाते.

दोन घटनांचा बोध

अमेरिकेतील ओहायो राज्यात बेनब्रिज येथे १५ डिसेंबर २००७ रोजी भूगर्भातून शिरलेल्या वायूमुळे एका घरात स्फोट झाला. राज्य शासनाच्या चौकशीत जवळच्या विहिरीतील अपुरे सिमेंटीकरण हे एक प्रमुख कारण आढळले. ती उणीव दूर न करताच तेथे खडक-भंजन करण्यात आले होते आणि त्यानंतर वलयाकृती पोकळी बव्हंशी बंद ठेवल्याने तीत दाब साचत गेला.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील मॅकोंडो विहिरीत तळाचे सिमेंट तेल व वायू रोखू शकले नाही. सिमेंटीकरणानंतर एक दिवसही उलटला नव्हता. दाब-चाचणीतील विसंगतीचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि स्फोटात ११ कामगारांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी सिमेंट सदोष होतेच. परंतु त्या दोषाने दिलेल्या इशाऱ्यानंतरही काम पुढे चालू राहिले, हे अधिक गंभीर होय.

समारोप

वायूचे स्थलांतर रोखणे हा सिमेंटच्या कठीणपणाइतकाच दाब आणि काळ यांच्या मेळाचा प्रश्न आहे, असे उपरोक्त विवेचनावरून दिसून येते. कोणतेही एक द्रव्य वा उपकरण या समस्येचे संपूर्ण उत्तर ठरत नाही. स्लरीची रचना, ती बसवण्याची पद्धत, दाबाचे नियंत्रण आणि पडताळणी या साखळीतील प्रत्येक दुवा आवश्यक आहे. चाचणी प्रतिकूल आल्यास काम थांबवण्याचा निर्णय हाही या साखळीचाच भाग मानला पाहिजे. जमिनीखाली कित्येक मीटर खोल असलेली वायूची वाट डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तिच्याविषयीचा पुरावा अनुमानापेक्षा श्रेष्ठ मानणे, यातच कामगारांची व परिसरातील रहिवाशांची सुरक्षितता सामावलेली आहे.