जुन्या इंपालाचा टॉर्क कन्व्हर्टर

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं काम टॉर्क कन्व्हर्टर करतो, तेही तेलातून. तो निवडताना आधी स्टॉल स्पीड बघा: चाकं अडवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिन जितक्या आरपीएमवर अडकतं, तो आकडा. साठच्या दशकातल्या शेवरले इंपालाच्या पॉवरग्लाइड या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला दोनच गिअर, त्यामुळे गाडी उचलण्याचा बराच भार कन्व्हर्टरवर. सिल्वासाहून खानवेल, दुधनीच्या चढांवर उन्हाळ्यात न्यायची असेल, तर शर्यतीचा जास्त स्टॉलवाला मुळीच नको. तो घसरत राहतो, तेल तापतं, गिअरबॉक्स जळतो. मूळ इंजिनाला मूळ मापाचाच घ्या, जोडीला ऑइल कूलर. बसवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसलाय ना, हे बोल्ट आवळण्याआधी हाताने फिरवून पाहा. नाहीतर पंपच फुटतो.