गंज काढा, पोलाद राखा
जुना घडीचा चाकू पुन्हा कामाला लावताना

शेतकऱ्याच्या घरी कोनाड्यात नाहीतर अवजारांच्या पेटीत एखादा घडीचा चाकू गंजत पडलेला असतो. कधीकाळी तो रोज खिशात असायचा. सुतळी कापायला, फांदी छाटायला, मोसंबी सोलायला तोच. पुढे पाते उघडेनासे होते आणि चाकू भंगारात जातो. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीहून किंवा जाफराबाद तालुक्यातल्या कुठल्याही गावातून किलोवर विकलेल्या लोखंडाला फार लांब जावे लागत नाही. जालन्याच्या कारखान्यांतल्या भट्ट्या भंगार वितळवतात आणि त्याच्या बांधकामाच्या सळया होतात. सळईसाठी तो माल योग्यच आहे. पण चाकूचे पाते म्हणजे नुसते लोखंड नव्हे. ते लालभडक तापवून, झटकन विझवून, पुन्हा बेताने तापवून पाणी दिलेले पोलाद असते. भट्टीतून लोखंड परत मिळते, ते पाणी मिळत नाही.

म्हणून असा चाकू वाचवण्याजोगा असतो, आणि तो घरच्या घरी वाचवता येतो. फक्त एक गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते. चाकू कामाचा झाला पाहिजे, चकचकीत होण्याची गरज नाही. घासून गेलेले पोलाद परत येत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यावर सर्वांत सौम्य उपाय आधी करायचा.

घेण्याआधी काय पाहावे

जुन्या बाजारातून किंवा भंगारातून चाकू घेताना आधी पाते पाहा. वरवरचा तांबडा गंज चालतो. गंजाने खोल खड्डे पाडले असतील आणि ते धारेपर्यंत पोचले असतील, तर धार कधीच सलग होणार नाही. पात्याला आडवी चीर असेल तर चाकू ठेवून द्या. पात्यावर निळसर-जांभळा डाग धारेलगत दिसला, तर कोणीतरी ते कोरड्या सराणेवर जास्त तापवलेले असण्याची शक्यता आहे. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादावर असा निळा रंग चढतो. तेवढ्या भागाचे पाणी उतरते आणि तिथे धार टिकत नाही.

मग उघडझाप पाहा. पात्याची खीळ आणि पाठीची कमान हे या चाकूचे प्राण. कमान मोडलेली असेल तर दुरुस्ती अवघड. नुसती जाम असेल तर काळजी नको.

मूठ सांबराच्या शिंगाची असेल तर तो चाकू विकत घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अशा वस्तूंचा व्यापार गुन्हा आहे. बटण दाबताच झटक्याने उघडणारे चाकूही टाळा. आपल्याला हवे आहे ते शेताचे आणि घरचे हत्यार.

आधी सांधा मोकळा करा

पाते उघडत नाही म्हणून पकडीने ओढू नका. खीळ वाकते, नखाच्या खाचेपाशी पाते मोडते. सांध्यात रॉकेल किंवा डिझेलचे थेंब सोडा आणि चाकू रात्रभर तसाच राहू द्या. चूल, दिवा, विडी यांपासून दूर. दुसऱ्या दिवशी पाते जाड फडक्यात धरून हळूहळू हलवा. थोडे हलले की पुन्हा थेंब सोडा. आतून तांबडे-काळे पाणी निघू लागले म्हणजे गंज सुटतो आहे.

पाते पूर्ण उघडल्यावर खोबणीतली घाण काढा. वर्षानुवर्षांची माती, फळांचा वाळलेला रस आणि तंतू तिथे दडपून बसलेले असतात आणि ओल धरून ठेवतात. बांबूची चपटी काडी आणि दात घासायचा जुना ब्रश एवढे पुरते. लोखंडी खिळा वापरला तर आतल्या पितळी पत्र्यांवर ओरखडे पडतात. शेवटी कोमट साबणाच्या पाण्याने सांधा झटपट धुवा, लगेच पुसा आणि उन्हात वाळवा. लाकडी किंवा हाडाची मूठ पाण्यात बुडवून ठेवू नका. लाकूड फुगते, हाड तडकते.

पाते डुगडुगत असेल तर खिळीचे एक टोक ऐरणीवर टेकवून दुसऱ्या टोकावर लहान हातोडीने अगदी हलके ठोके द्या. दर दोन-तीन ठोक्यांनंतर पाते उघडून पाहा. हा नाजूक भाग आहे. हात बसलेला नसेल तर गावातल्या लोहाराकडे किंवा बाजाराला आलेल्या घिसाड्याकडे न्या.

गंज: तांबडा काढा, काळा राहू द्या

तांबडा गंज सच्छिद्र असतो. तो हवेतली ओल शोषून घेतो आणि खालचे पोलाद आणखी खातो, म्हणून तो निघालाच पाहिजे. साध्या कार्बन पोलादावर येणारी करडी-निळसर काळी झाक वेगळी. मोसंबी, लिंबू, कांदा, आंबा कापत राहिले की पात्यावर ती आपोआप धरते. हा पातळ, घट्ट बसलेला थर असतो आणि तांबड्या गंजाला काही प्रमाणात अडवतो. ती झाक घासून पाते पांढरेफेक करण्याच्या नादात आपण तयार झालेले संरक्षणच काढून टाकतो.

तांबडा गंज काढताना आधी पात्याला तेल लावून पितळी पट्टीने खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि पात्यावर खोल रेघ उठत नाही. राहिलेल्या डागांवर तेल आणि चुलीतली चाळलेली राख फडक्याने चोळा. तरीही न निघालेल्या जागी ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर वापरा, त्यानंतर ८०० चा. पेपर पात्याच्या लांबीच्या दिशेनेच फिरवा आणि पात्याच्या मुळाशी कारखान्याचा ठसा असेल तर तिथे थांबा. इंग्लंडमधल्या शेफिल्डसारख्या शहराचे नाव त्या ठशात असू शकते. चाकू कुठून आला हे सांगणारा तोच एक पुरावा असतो.

लिंबूसत्त्वाच्या पाण्यात पाते बुडवण्याचा उपाय बरेच जण करतात. गंज झपाट्याने निघतो हे खरे. पण आम्ल गंज संपल्यावर थांबत नाही, ते पोलादही खाते. त्यातून सांध्यात पोलाद आणि पितळ एकत्र असल्याने तिथे झीज आणखी वाढते. हाडाच्या मुठीतला चुनाही आम्लात विरघळतो. हा उपाय करायचाच असेल तर फक्त पात्यावर ओल्या फडक्याने करा, दर काही मिनिटांनी पाहा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून लगेच वाळवा आणि तेल लावा. नाहीतर तासाभरात नवा पिवळट गंज येतो.

स्टेनलेस पात्याचा प्रश्न हलका असतो. त्यात किमान साडेदहा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर पात्याला झाकतो. मात्र खारट पाणी आणि ब्लीच यांनी त्यावरही खड्डे पडतात.

एकच तेल सगळीकडे चालत नाही

मराठवाड्यात करडई आणि जवस ही जुनी तेलबिया पिके. यांची तेले हवेत हळूहळू घट्ट होतात. सांध्यात करडईचे किंवा जवसाचे तेल सोडले तर काही महिन्यांत त्याचा चिकट डिंक होतो आणि चाकू पुन्हा जाम. सांध्यासाठी शिलाई मशीनचे तेल घ्या. त्याच चाकूने फळे कापायची असतील तर औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन उत्तम.

लाकडी मुठीला मात्र तोच घट्ट होण्याचा गुण उपयोगी पडतो. सागवान, शिसव किंवा बाभळीची मूठ साफ करून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जादा तेल पुसा, वाळू द्या आणि पुन्हा द्या. लाकूड ओल कमी घेते. या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके मोकळ्यावर पसरून वाळवा.

पाजवताना

गंज आणि सांधा उरकल्याशिवाय धारेला हात लावू नका. धारदार पाते घेऊन ओढाताण केली तर बोटे कापतात.

दोन बाजूंचा साधा कार्बोरंडमचा दगड पुरतो. दगडाला पाणी पाजा आणि तो ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. घरगुती चाकूला प्रत्येक बाजूने सुमारे २० अंशांचा कोन ठीक. कोन मोजायला साधन लागत नाही. पाते दगडावर काटकोनात उभे धरा, निम्मे झुकवा, पुन्हा निम्मे झुकवा. हा कोन २२ अंशांच्या जवळ येतो. खरखरीत बाजूवर एका अंगाने इतकेच घासा, की धारेच्या पलीकडे नखाला अडकणारी बारीक कोर टोकापासून मुळापर्यंत जाणवेल. मग दुसरे अंग. मग गुळगुळीत बाजूवर दाब कमी करत तेच. शेवटी कातडी पट्ट्यावर पाते उलटे ओढा, म्हणजे धार मागे आणि पाठ पुढे. राहिलेली कोर निघून जाते.

कलमाच्या चाकूला हा नियम तसाच लावू नका. मोसंबीचे डोळे भरण्याचे बरेच चाकू एकाच बाजूने पाजवलेले असतात. त्यांची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवूनच फिरवायची, उतार फक्त दुसऱ्या बाजूला द्यायचा. सपाट बाजूलाही कोन दिला तर काप सरळ उतरत नाही. डोळ्याची आणि खुंटाची साल एकमेकींना नीट भिडायला हवी असेल, तर काप एका ओढीत गुळगुळीत पडावा लागतो. बोथट पाते पेशी चिरडते, कडा सुकतात आणि डोळा मरतो. अशा चाकूची परीक्षा कागदावर करू नका. कोवळ्या फांदीवर तिरका काप घ्या आणि तो उजेडात धरून पाहा. कापावर रेघा किंवा तंतू दिसले तर धार अजून व्हायची आहे.

कलमाआधी निर्जंतुक करा

वापरलेल्या चाकूबरोबर झाडांचे रोगही येतात. लिंबूवर्गीय झाडांचा एक्झोकॉर्टिस हा विरॉइडचा रोग कापणाऱ्या पात्यावरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो आणि नुसते अल्कोहोल किंवा ज्योत दाखवून त्याचा भरवसा धरता येत नाही. रोपवाटिकेत आणण्याआधी आणि एका मातृवृक्षावरून दुसऱ्याकडे जाताना पाते एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून काढा. हे द्रावण पोलाद झपाट्याने गंजवते. म्हणून दिवसाचे काम संपताच पाते स्वच्छ पाण्याने धुणे, कोरडे करणे आणि तेलाचे बोट फिरवणे चुकवू नका.

ठेवताना चाकू कातडी म्यानात घालून कपाटात विसरू नका. कमावलेल्या कातड्यात आम्ल आणि ओल राहते, आणि पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. तेलकट सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. वापरानंतर पुसणे, वाळवणे आणि तेल लावणे ही सवय जडली, तर पेपर आणि दगड क्वचितच लागतात. दर वेळी वाचलेले ते थोडेसे पोलाद म्हणजेच चाकूचे वाढलेले आयुष्य.