आजीच्या खोलीतला रात्रीचा दिवा

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी आणि आसपासच्या खेड्यांत आजही अनेक घरांमध्ये लहानग्याची आणि वडीलधाऱ्या माणसाची रात्र एकाच खोलीत सरते. अंगावरचे दूध सुटले, की नातवंड आजीच्या कुशीत झोपू लागते. या खोलीत रात्री दिवा ठेवावा का आणि ठेवल्यास कोणता, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु नातवंडाची झोप आणि अंधारात उठणाऱ्या आजीचे पाऊल, दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

बाळाजवळ दिवा तेवत ठेवणे आपल्याला नवे नाही. सटवाईच्या पूजेच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीतील दिवा विझू द्यायचा नाही, हा दंडक ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. समई, घासलेटची चिमणी, वात बारीक केलेला कंदील यांचा उजेड तांबूस आणि मंद असे. पुढे वीज आली आणि झिरोचा बल्ब घरोघरी लागला. नाव शून्याचे असले, तरी तो जुना बल्ब 12 ते 15 वॅट वीज घेत असे. आता त्याच्या जागी एलईडीचे चिमुकले दिवे आले आहेत. ते वीज फार थोडी घेतात. मात्र त्यांतले पुष्कळसे निळे किंवा शुभ्र असतात. निळा रंग डोळ्यांना थंडावा देतो, अशा समजुतीने तोच आवर्जून निवडला जातो. झोपेच्या दृष्टीने ही निवड उलटी ठरते.

याचे कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. दृष्टिपटलात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवणे हे त्यांचे काम. निळसर प्रकाशाने त्या सर्वाधिक उत्तेजित होतात. मग मेंदूला दिवस असल्याचा निरोप जातो आणि झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांवर याविषयी प्रयोग केले. झोपण्यापूर्वीचा एक तास प्रखर प्रकाशात गेल्यास मेलाटोनिन सरासरी 88 टक्क्यांनी घटते, असे 2018 साली त्यांना आढळले. 2022 मधील पुढच्या प्रयोगात घरातल्या सौम्य उजेडाइतक्या, 5 ते 40 लक्स प्रकाशानेही सरासरी 78 टक्के घट दिसली. प्रयोगांतील मुले मोजकीच होती आणि प्रकाश त्यांच्या थेट नजरेसमोर होता, हे लक्षात घ्यावयास हवे. तरीही त्यातून एक सूचना मिळते : मूल झोपी जाण्यापूर्वीचा तास मंद असावा आणि दिवा त्याच्या नजरेआड असावा.

खरी अडचण पुढे आहे. लहान मुलाची बाहुली मोठी आणि डोळ्यातील भिंग नितळ असते. त्यामुळे थोडाही प्रकाश आत पुष्कळ पोहोचतो. वयाबरोबर बाहुली आकसते, भिंग पिवळसर होते आणि साठीनंतर तरुणपणाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश दृष्टिपटलापर्यंत जातो. म्हणजे जो दिवा नातवाला जास्त होतो, तोच आजीला अपुरा पडतो. लघवीसाठी उठलेल्या वृद्धाचे उंबऱ्याशी अडखळून खुब्याचे हाड मोडले, तर साऱ्या घराची घडी विस्कटते. म्हणून आजीने नातवासाठी अंधारात चाचपडावे, असे कोणीही सुचवू नये.

उपाय दिव्याच्या जागेत आणि रंगात आहे. दिवा तांबूस किंवा नारिंगी निवडावा. तो गुडघ्याखालच्या उंचीवर, मुलाच्या अंथरुणापासून दूर आणि खाटेआड लावावा. उजेड दारापर्यंतच्या वाटेवर पडावा. हालचाल होताच आपोआप लागणारा दिवा मिळाल्यास अधिक सोयीचे. पारख सोपी आहे : मुलाच्या जागी आडवे होऊन पाहावे, दिवा दिसता कामा नये, आपल्या अंथरुणावर उठून बसावे, उंबरा आणि चपला दिसल्या पाहिजेत. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकत असाल, तर पथदिव्याचा पांढरा झोत मुलाच्या तोंडावर येणार नाही, अशी ती फिरवून घ्यावी.

वयानुसार गरज बदलते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या शरीरात दिवसरात्रीचे चक्र नीट बसलेले नसते. तेव्हाचा दिवा असतो तो दूध पाजणाऱ्या, लंगोट बदलणाऱ्या माणसासाठी. काम झाले की तो मालवावा. दोन-तीन वर्षांचे मूल अंधाराला भिऊ लागते, तेव्हा मात्र मंद दिव्याचा त्याला खरा आधार वाटतो. त्याच मुलाला बागुलबुवाची भीती घालून झोपवू नये. एका हाताने भय देऊन दुसऱ्या हाताने दिवा लावण्यात अर्थ नाही. मूल संधिप्रकाशात वारंवार धडपडत असेल, तर ती नुसती भीती समजू नये. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो. डॉक्टरांना दाखवावे आणि पाच वर्षांपर्यंतचे अ जीवनसत्त्वाचे डोस चुकले नाहीत ना, हे अंगणवाडीत विचारावे.

सुरक्षितताही पाहावी. वीज गेल्यास चिमणी किंवा मेणबत्ती मच्छरदाणीजवळ नेऊ नये; बॅटरीचा छोटा दिवा उशाशी असावा. खेळण्यातल्या दिव्यांमधील बटणाएवढी बॅटरी मुलाने गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

दिवा झोप आणत नाही. तो फक्त झोपेच्या आड येणार नाही, एवढे आपण पाहू शकतो. झोपेची ठरलेली वेळ, निजण्याआधी बंद झालेला मोबाइल आणि सकाळी नातवंडासह अंगणात घेतलेले कोवळे ऊन, यांची जागा कोणताही दिवा घेऊ शकणार नाही.