बॅटरी पंप चार्ज होईना? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

वाशिम : सोयाबीन फुलावर येण्याच्या टायमालाच चक्रीभुंगा आणि पाने खाणाऱ्या अळ्या जोर धरतात. पावसाने दोन दिवस उघाड दिली की फवारणी उरकायची घाई असते, आणि नेमका त्याच सकाळी पंप दोन टाक्या मारून बसतो. रात्रभर चार्जिंगला लावलेला असतो, तरी! मग दुकान गाठून नवी बॅटरी आणली जाते. कधी कधी ती टाकूनही पंप चार्ज होत नाही, कारण बिघाड बॅटरीत नव्हताच.

रिसोड असो की मानोरा, गावोगावी दिसणाऱ्या १६ लिटरच्या पंपात बहुतेक वेळा १२ व्होल्टची, ८ किंवा १२ अँपिअर-अवरची शिशाची बंद बॅटरी असते. तिच्यापर्यंत करंट जायला रस्ता लांब आहे. घरातला बोर्ड, चार्जर, पंपाची पिन, आतली वायर, फ्यूज आणि मग बॅटरी. तपासणी याच क्रमाने करावी. स्वस्तातला बिघाड आधी सापडतो.

बोर्डात आधी मोबाईलचा चार्जर लावून लाईट आहे का ते बघा. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडते, तेव्हा चार्जर नुसता लुकलुकतो. अशा वेळी रात्री उशिरा लावलेले बरे.

चार्जरच्या दिव्याकडे नीट लक्ष द्या. बहुतेक चार्जरवर चार्जिंग सुरू असताना लाल आणि भरल्यावर हिरवा दिवा लागतो. रिकामा पंप लावल्या लावल्या हिरवा लागला, तर बॅटरी भरली असे नाही. करंट तिच्यापर्यंत पोहोचत नाही किंवा ती घेत नाही. दिवाच लागत नसेल तर चार्जरवर संशय. शेजाऱ्याकडे तसाच पंप असेल तर त्याचा चार्जर लावून पाहणे सगळ्यात सोपे. मल्टीमीटरने चार्जर तपासताना एक ध्यानात ठेवा, काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय करंट सोडतच नाहीत.

खरी गोम पुष्कळदा चार्जिंगच्या पिनीत असते. टाकी भरताना औषध सांडते, पाणी ओघळते आणि पिनीवर हिरवट-पांढरा थर चढतो. पंप बंद करून, चार्जर काढून, कोरड्या ब्रशने तो थर घासून काढा. त्यानंतर खालचे झाकण उघडून बॅटरीच्या दोन्ही वायरी घट्ट आहेत का आणि फ्यूज उडाला आहे का ते पाहा. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा टाकावा, तांब्याची तार गुंडाळू नये. झाकण उघडण्याआधी पंप साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा आणि हातमोजे घाला. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले होते. पंपावर वाळलेले औषधही औषधच असते.

एवढे करून फरक पडला नाही, तर बॅटरी मोजा. चार्जर काढून दोन-तीन तासांनी भरलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. रात्रभर लावूनही १२ च्या खालीच राहिली, किंवा १२.६ दाखवून पंप सुरू करताच आकडा धाडकन खाली आला, तर ती संपली समजा. फुगलेली, गळणारी किंवा हात लावता येणार नाही इतकी तापणारी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावूच नये. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावून ‘झटका’ देण्याचा प्रयोग तर नकोच, त्याने बॅटरी फुटू शकते.

यातल्या बऱ्याच बॅटऱ्या फवारणीत नाही, कोठ्यात मरतात. तुरीची शेवटची फवारणी झाली की पंप तसाच रिकामा कोपऱ्यात जातो आणि थेट पुढच्या पावसाळ्यात निघतो. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि ती पुन्हा करंट घेत नाही. म्हणून हंगाम संपताना पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा चार्जिंगला लावावी. हंगामातही पंप पार बसेपर्यंत चालवू नये. फवारणी झाली की त्याच रात्री चार्ज करावा.

नवी घ्यायचीच झाली तर जुनी बॅटरी सोबत न्या. व्होल्ट, अँपिअर आणि आकार जुळायला हवा. लिथियमची घेतली तर चार्जरही तिचाच घ्यावा लागेल, जुना चालत नाही. बिलावर तारीख आणि वॉरंटी लिहून घ्या. जुनी बॅटरी उकिरड्यावर न टाकता दुकानदारालाच द्या; आतल्या शिशाला भाव असतो, तेवढे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून कमी करायला सांगा.