पर्थ ते लंडन, मध्ये थांबा नाही

ऑस्ट्रेलियातून युरोपला जाणारी पहिली नियमित थेट विमानसेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली. क्वांटासची, पर्थ ते लंडन हीथ्रो. अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर, विमान बोइंग ७८७-९, वेळ साधारण सव्वासतरा तास. १९४७ मध्ये याच कंपनीचं सिडनीहून निघालेलं विमान सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो असे थांबे घेत चार दिवसांनी लंडनला पोचायचं!

मला खरी गंमत वाटते ती परतीची. अंतर तेवढंच, पण वेळ सहसा कमी लागतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, आणि परतताना ते विमानाच्या पाठीशी असतात.

घरी पृथ्वीगोल असेल तर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेषेपेक्षा वेगळाच रस्ता दिसेल.