कुटुंबासह वाळवंटाच्या वाटेने : सफरीपूर्वीची तयारी

आपल्यापैकी अनेकांची मुले, भावंडे, मेहुणे आज ॲडलेड, मेलबर्न, सिडनी येथे स्थायिक झाले आहेत. तिकडे जुलैमध्ये शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी लागते. तो त्यांचा हिवाळा असल्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या रखरखीत प्रदेशात फिरण्याचा तो योग्य काळ ठरतो. अलीकडे बरीच कुटुंबे मोटारीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून या प्रदेशात जातात. कॅम्पर ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरचे छोटे घरच. उघडला की तंबू उभा राहतो, मागच्या बाजूला चुलीचा ओटा निघतो, खाली पाण्याची टाकी आणि आत फ्रिज असतो. हॉटेलचा खर्च वाचतो, हलाल जेवण स्वतः रांधता येते आणि मुलाबाळांसह उघड्या आभाळाखाली राहता येते.

परंतु ही सफर महाबळेश्वरच्या सहलीसारखी नाही. येथे दोन वस्त्यांमध्ये दोनशे किलोमीटरचे अंतर असते. मोबाइलला रेंज नसते आणि एखादा दिवस समोरून एकही गाडी येत नाही. म्हणून नेमका एक रस्ता डोळ्यांसमोर ठेवून तयारी कशी करावी ते पाहू. हा रस्ता म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऊडनाडाटा ट्रॅक.

उंटवाल्यांचा रस्ता

ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे ६८० किलोमीटरवर मारी नावाचे छोटे गाव आहे. तेथून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरचा हा कच्चा रस्ता जातो. मुस्लिम वाचकांना या रस्त्याविषयी विशेष आपुलकी वाटावी असा त्याचा इतिहास आहे. १८६० साली एका शोधमोहिमेसाठी कराचीहून २४ उंट आणि त्यांचे हाके मेलबर्नला नेण्यात आले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पुढे अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब या भागांतून शेकडो उंटवाले आले. त्या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ आणि थोडक्यात ‘घान’ म्हटले जाई. तारायंत्राचे खांब, रेल्वेचे साहित्य, लोकरीचे गठ्ठे, दूरच्या वस्त्यांचे पीठमीठ, सारे त्यांच्या उंटांवरून गेले. मारी येथे त्यांनी मातीच्या भिंतींची साधी मशीद बांधली होती. तिची प्रतिकृती आज गावात उभी आहे. या वाटेने धावणाऱ्या जुन्या रेल्वेला ‘घान’ हे नाव पडले ते त्यांच्यावरूनच. १९८० साली ती लाइन बंद झाली. तिचे गंजलेले पूल आणि ओसाड स्टेशने ट्रॅकच्या कडेला अजून दिसतात.

ही माणसे या मुलुखात टिकली ती चार गोष्टींच्या जोरावर. ओझे तोलून लादणे, पाणी मोजून घेणे, जनावराचे पाय रोज तपासणे आणि दिवसाचा पल्ला आधी ठरवणे. उंटाच्या जागी ट्रेलर आला तरी हिशेब तोच राहिला आहे.

ओझे

प्रत्येक ट्रेलरवर तो भरल्यानंतर जास्तीत जास्त किती वजनाचा असावा हे लिहिलेले असते. समजा रिकामा ट्रेलर ९०० किलोचा आहे आणि मर्यादा १,४०० किलोची. म्हणजे पाणी, गॅस, अन्न, अंथरूण, हत्यारे सारे मिळून ५०० किलोच्या आत बसले पाहिजे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरू नये. घरी सर्व सामान भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी. अंदाजावर राहू नये.

जड वस्तू तळाशी आणि चाकांच्या आसाच्या वर ठेवाव्यात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीवर, म्हणजे मोटारीच्या मागच्या हुकावर पडला पाहिजे. १,२०० किलोच्या ट्रेलरचे १२० किलो. सगळे जड सामान मागे कोंबले तर हुकावरचा भार कमी होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. हे डोलणे एकदा वाढले की मोटारही उलटू शकते. मोटार किती वजन ओढू शकते हेही तिच्या पुस्तिकेत पाहावे.

ट्रेलर भाड्याचा असेल तर कच्च्या रस्त्यावर नेण्याची परवानगी करारात लिहिलेली आहे का, ते वाचावे. विम्याचेही तसेच. नवशिक्यांनी एखाद्या मोकळ्या मैदानात ट्रेलरसह मागे जाण्याचा सराव करावा आणि शनिवार-रविवारची एक जवळची सहल आधी करून पाहावी. काय विसरले, काय फुकट नेले, ते तेथेच कळते.

चाके

ऊडनाडाटा ट्रॅकवर सर्वांत जास्त त्रास टायरांचा होतो. रस्त्यावर टोकदार खडी असते आणि लांबच लांब पट्टे पत्र्याच्या छपरासारखे खवल्याखवल्यांचे असतात. डांबरी रस्त्यावरची हवा तशीच ठेवली तर टायर दगडावर फाटतो. म्हणून कच्चा रस्ता लागताच हवा कमी करावी. गाडीच्या वजनाप्रमाणे फरक पडतो, पण खडीवर साधारण २६ ते ३० आणि मऊ वाळूत १६ ते १८ पौंड हा सर्वसाधारण हिशेब आहे. हवा कमी केली की वेगही कमी केलाच पाहिजे, नाहीतर टायर तापतो. ट्रेलरसह ताशी ६० ते ८० किलोमीटर पुष्कळ झाले. पुन्हा डांबरी लागल्यावर हवा भरण्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप सोबत हवा.

स्टेपनी एक नव्हे, दोन असाव्यात. मोटार आणि ट्रेलर यांची चाके एकाच मापाची, एकाच नटांच्या रचनेची असली तर कोणतीही स्टेपनी कुठेही बसते. ट्रेलरचा टायर बसला तरी चालकाला पत्ता लागत नाही. तो तसाच घासत जातो आणि प्रसंगी पेट घेतो. म्हणून तासाभराने थांबावे, एक फेरी मारावी. चाकाचे नट सैल झालेत का पाहावे, चाकाच्या मध्यभागी सावधपणे हात नेऊन बेअरिंग जास्त तापले आहे का ते पाहावे. बेअरिंगचा एक जादा संच आणि ग्रीसचा डबा जवळ असावा. मोटारीच्या मागच्या चाकांनी उडवलेले दगड ट्रेलरवर आपटून परत येतात आणि मोटारीची मागची काच फोडतात. यासाठी ट्रेलरच्या पुढे जाळी किंवा जाड कापडाचा पडदा बसवतात.

पाणी

थंडीतही माणशी रोज किमान पाच लिटर पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी धरावे. धुणे-आंघोळ धरली तर दहा. चौघांचे कुटुंब, चार दिवसांचा प्रवास आणि अडकून पडण्याचे तीन दिवस, असे सात दिवस धरले तर निव्वळ पिण्याचे पाणी १४० लिटर होते. हे सर्व एका टाकीत ठेवू नये. खालून दगड लागून टाकी फुटली तर सारेच जाते. अर्धे टाकीत आणि अर्धे वीस-वीस लिटरच्या कॅनमध्ये विभागावे. वाटेतल्या बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी खारट असते, त्यावर विसंबू नये.

वुजूच्या पाण्याचाही हिशेब आधीच करावा. एका मुद्दमध्ये, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात वुजू करण्याची सुन्नत आपल्यासमोर आहे. नळ सोडून न बसता मापाच्या भांड्याने वुजू करण्याची सवय मुलांना घरीच लावावी. पिण्यापुरतेच पाणी उरले असेल तर तयम्मुमची सवलत आहेच. तसेच प्रवासातील कसर नमाजची सवलतही आहे. इंटरनेट मिळणार नाही, म्हणून नमाजच्या वेळा कागदावर छापून घ्याव्यात.

हलाल मांस शहरातूनच गोठवून, हवाबंद करून न्यावे. रोडहाउसमध्ये ते मिळेल ही आशा नको. डाळ, तांदूळ, अंडी आणि कुकर असला की खिचडीवर चार दिवस सहज निघतात. कुकरने गॅस आणि पाणी दोन्ही वाचते. बंद तंबूत मात्र शेगडी किंवा हीटर कधीही पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेले माणूस उठत नाही.

पल्ला आणि निरोप

डिझेल मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला येथे मिळते. प्रत्येक टप्पा साधारण दोनशे किलोमीटरचा. मात्र ट्रेलर ओढताना इंधन तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही जास्त लागते. प्रत्येक ठिकाणी टाकी भरूनच निघावे. सूर्य मावळण्याच्या दोन तास आधी मुक्काम करावा. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू, गुरे आणि रानटी उंट रस्त्यावर येतात. हे उंट म्हणजे त्या जुन्या काफिल्यांचेच वंशज. मोटारी आल्यावर अनेक उंट मोकळे सोडले गेले. समोरून पन्नास मीटरहून लांब मालगाडीसारखा ट्रक आला तर कडेला थांबावे आणि धूळ बसेपर्यंत निघू नये.

थोडा पाऊस पडला तरी मातीचा रस्ता साबणासारखा होतो आणि सरकार तो बंद करते. बंद रस्त्यावर गेल्यास जबर दंड आहे. म्हणून निघण्यापूर्वी सरकारी रस्ता-अहवाल पाहावा आणि दोन-तीन दिवस हातचे ठेवावेत. डिसेंबर ते फेब्रुवारी या उन्हाळ्यात तर जाऊच नये. २ जानेवारी १९६० रोजी ऊडनाडाटा येथे ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आहे.

४०६ मेगाहर्ट्झचे संकट-बीकन हे हातात मावणारे यंत्र अवश्य घ्यावे. कळ दाबली की उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा बचावपथकाला कळतो. त्याची सरकारी नोंदणी मोफत आहे. त्याशिवाय रेडिओ आणि जमल्यास सॅटेलाइट फोन असावा. या मुलुखात १९२८ पासून डॉक्टर विमानाने येतात, पण त्यांना बोलावता आले पाहिजे. घरच्या एका जबाबदार माणसाकडे लेखी मार्ग द्यावा, आणि ‘अमुक दिवशी अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवा’ असे स्पष्ट सांगावे.

गाडी सोडू नये

आता सर्वांत महत्त्वाचे. डिसेंबर १९६३ मध्ये मारीहून निघणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावर, बर्ड्सव्हिल ट्रॅकवर, पाच जणांचे कुटुंब वाट चुकले. पेट्रोल संपले, त्यांनी गाडी सोडली आणि पाचही जण दगावले. डिसेंबर १९९८ मध्ये विल्यम क्रीकजवळच्या काटी थांडा सरोवराकाठी परदेशी जोडप्याची गाडी वाळूत रुतली. जवळ पाण्याची टाकी होती. तरीही मदत आणायला तरुणी साठ किलोमीटर चालत निघाली आणि वाटेतच उन्हाने मृत्युमुखी पडली. तिचा जोडीदार गाडीकडे परतला, तो वाचला. टायरमधली हवा कमी केल्यावर तीच गाडी नंतर बाहेर निघाली.

विमानातून मोटार आणि ट्रेलर दिसतो, चालणारा माणूस दिसत नाही. म्हणून गाडी बिघडली तर सर्वांनी तिच्याजवळच थांबावे. बॉनेट उघडे ठेवावे, तंबूची कनात ताणून सावली करावी, बीकन लावावा आणि दिवसा श्रम टाळावेत. तहान लागली की पाणी प्यावे. ते पुरवून ठेवण्यासाठी मुलांना तहानलेले ठेवू नये.

गाडी रुतली तर आधी हवा कमी करावी, फावड्याने चाकांपुढची वाळू काढावी. तरीही न निघाल्यास ट्रेलर सोडून आधी मोटार काढावी, मग पट्ट्याने ट्रेलर ओढावा. टोचन करताना पट्टा ट्रेलरच्या गोळ्यावर कधीही अडकवू नये. तो तुटून गोळीसारखा उडतो, त्यात माणसे मेली आहेत.

आणि ही सारी माहिती एकट्या घरधन्याकडे असून भागत नाही. वाटेत तोच आजारी पडला तर? गृहिणीला हवा कमी करता आली पाहिजे, स्टेपनी बदलता आली पाहिजे. दहा वर्षांच्या मुलालाही बीकनची कळ आणि पाण्याचे कॅन कुठे आहेत हे ठाऊक असावे. निघण्याच्या आदल्या दिवशी अंगणात सर्वांची एकदा उजळणी घ्यावी.

निघण्यापूर्वी पाहावे

• वजनकाट्यावरची पावती; ट्रेलरचे ब्रेक आणि दिवे
• दोन स्टेपन्या, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी, पंप, हवा मोजायचे मीटर
• विभागून ठेवलेले पाणी. सात दिवसांचे अन्न
• बीकन, रेडिओ, कागदी नकाशा
• नेहमीची औषधे दुप्पट. इन्सुलिनसाठी थंड जागा. सर्पदंशासाठी रुंद पट्ट्या
• रात्रीच्या कडाक्यासाठी रजया
• घरी दिलेला लेखी मार्ग

एवढी तयारी झाली की बिस्मिल्लाह म्हणून निघावे. मारीच्या मशिदीपाशी थोडे थांबून मुलांना त्या उंटवाल्यांची हकीकत जरूर सांगावी.